महाकाय प्राणी आणि अदृश्य वायू : ‘गोजिरा’च्या नव्या आवृत्त्या आणि भोपाळचे चित्रपट

प्रास्ताविक

राक्षसपटांकडे केवळ करमणुकीचा प्रकार म्हणून पाहण्याची आपल्याकडे पद्धत आहे. वर्गात त्यांची चर्चा सहसा होत नाही. तथापि काही राक्षसपट एखाद्या समाजाने सोसलेल्या आपत्तीचे दस्तऐवज ठरले आहेत. जपानमधील तोहो कंपनीचा ‘गोजिरा’ हा चित्रपट त्यांपैकी प्रमुख होय. इशिरो होंडा यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित झाला. जपानबाहेर हा प्राणी ‘गॉडझिला’ या नावाने ओळखला जातो. गेल्या सात दशकांत त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी ‘शिन गोजिरा’ (२०१६) आणि ‘गोजिरा मायनस वन’ (२०२३) या दोन जपानी आवृत्त्या विशेष विचारात घेण्याजोग्या आहेत.

प्रस्तुत लेखात या दोन आवृत्त्यांचा विचार भोपाळच्या संदर्भात केला आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू शहरावर पसरला. या घटनेवर आधारित ‘भोपाल एक्स्प्रेस’ (१९९९), ‘भोपाळ : अ प्रेयर फॉर रेन’ (२०१४) आणि ‘द रेल्वे मेन’ (२०२३) या तीन कलाकृती महत्त्वाच्या आहेत. आज महाविद्यालयात शिकणारे विद्यार्थी त्या रात्रीनंतर दोन दशकांहून अधिक काळाने जन्मलेले आहेत. त्यांच्यापैकी अनेकांची या घटनेशी पहिली ओळख पडद्यावरच होते. त्यामुळे पडदा त्यांना काय दाखवतो आणि काय वगळतो, हा शिक्षणाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा प्रश्न आहे.

मूळ ‘गोजिरा’ : भीतीमागील वास्तव

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. जपानची ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही मासेमारी नौका त्या परिसरात होती. तिच्यावरील २३ खलाशांना किरणोत्सर्गाची बाधा झाली. नौकेवरील रेडिओ चालक आइकिची कुबोयामा यांचे त्याच वर्षी २३ सप्टेंबरला निधन झाले. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांत ‘गोजिरा’ पडद्यावर आला. चित्रपटाचा आरंभ समुद्रातील प्रखर उजेडाने आणि एका नौकेच्या नाशाने होतो. तो पाहताना तत्कालीन जपानी प्रेक्षकाला संदर्भ सांगण्याची गरज नव्हती.

या चित्रपटातील राक्षस म्हणजे रबरी पोशाख घातलेला एक नट आहे आणि पायाखाली तुडवले जाणारे शहर हा लहान आकाराचा देखावा आहे. एजी त्सुबुराया यांची ही करामत आजच्या प्रेक्षकाला जुनी वाटू शकेल. परंतु चित्रपटाचे बळ केवळ तिच्यात नाही. रुग्णालयातील दृश्ये अधिक बोलकी आहेत. जमिनीवर जखमींच्या रांगा लागल्या आहेत. एका लहान मुलाजवळ किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र नेले जाते आणि ते कडकडू लागते. येथे राक्षस दिसतही नाही. तो निघून गेल्यानंतर शरीरात काय उरले, हे दिग्दर्शकाला दाखवावयाचे आहे.

संसद समितीचे दृश्यही तितकेच महत्त्वाचे आहे. या प्राण्याचा संबंध अण्वस्त्र चाचण्यांशी आहे, ही माहिती लोकांना द्यावी की नाही, यावर तेथे वाद होतो. माहिती दिल्यास घबराट पसरेल आणि परराष्ट्र संबंध बिघडतील, असे एका गटाचे म्हणणे असते. तेथील महिला सदस्य मात्र सत्य जाहीर करण्याचा आग्रह धरतात. आपत्तीच्या काळात माहिती कोणाच्या हाती असते आणि ती कोणापासून लपवली जाते, हा प्रश्न या चित्रपटाने १९५४ मध्येच मांडला. भोपाळच्या संदर्भात या दृश्याकडे पुन्हा यावे लागते.

दोषी कोण? पुनर्निर्मितीतील बदलते उत्तर

कथा नव्याने सांगताना सर्वांत आधी काय बदलले जाते, हे पाहणे उद्बोधक ठरते. १९५६ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या आवृत्तीत रेमंड बर या नटाची अमेरिकन वार्ताहराची भूमिका नव्याने जोडण्यात आली. मूळ चित्रपटातील अणुबॉम्बविषयीची बोचरी विधाने मात्र गाळली गेली. १९९८ च्या रोलंड एमरिक यांच्या अमेरिकन चित्रपटात दोष फ्रान्सच्या अणुचाचण्यांकडे गेला. गॅरेथ एडवर्ड्‌स यांच्या २०१४ च्या चित्रपटात तर १९५४ च्या चाचण्या या मुळी चाचण्याच नव्हत्या, त्या प्राण्याला मारण्यासाठी केलेले हल्ले होते, असा खुलासा येतो. म्हणजे ज्या कृतीतून राक्षस जन्मला, तीच कृती साठ वर्षांनंतर बचावाची ठरली.

भारतातही या प्रकाराचे अनुकरण झाले. बलवंत दवे यांचा ‘गोगोला’ हा हिंदी चित्रपट १९६६ मध्ये आला. त्यात समुद्रातील राक्षस मुंबईवर चालून येतो. येथे जपानमधून रूप आले, पण त्या रूपामागील यातना आली नाही. ती उसनी घेता येण्यासारखी नव्हतीही. भारतीय शहरावर आलेले औद्योगिक संकट अठरा वर्षांनी आले, आणि त्याला आकार नव्हता.

दोष सरकवण्याची ही रीत केवळ चित्रपटांपुरती मर्यादित नाही. भोपाळच्या टाकीत पाणी शिरले आणि त्यातून रासायनिक प्रक्रिया भडकली, याविषयी दुमत नाही. मात्र कंपनीने हे कृत्य एका नाराज कामगाराने मुद्दाम केल्याची भूमिका घेतली. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद का होती, वायू निष्प्रभ करणारी यंत्रणा सज्ज का नव्हती, वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी का जोडलेली नव्हती, हे प्रश्न त्या एका कामगाराच्या कथेत मागे पडतात. राक्षस कोणी जन्माला घातला हे विसरावयाचे असेल, तर कथेला एक सोयीचा दोषी लागतो.

‘शिन गोजिरा’ : बैठकांचा चित्रपट

हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची यांनी दिग्दर्शित केलेला ‘शिन गोजिरा’ २९ जुलै २०१६ रोजी प्रदर्शित झाला. जपान अकादमीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात पुरस्कारांचा तो मानकरी ठरला. ११ मार्च २०११ चा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमा अणुवीज केंद्रातील अपघात यांची सावली त्याच्यावर स्पष्टपणे पडली आहे. मूळ चित्रपटाची मांडणी जशीच्या तशी न उचलता दिग्दर्शकांनी एकच प्रश्न विचारला आहे. असा प्राणी आजच्या जपानमध्ये पहिल्यांदाच अवतरला तर शासन काय करील?

शासन बैठका घेईल, हे चित्रपटाचे उत्तर आहे. एका बैठकीतून दुसरी बैठक निघते. तज्ज्ञ बोलावले जातात आणि ते काहीच ठाम सांगत नाहीत. प्रत्येक नव्या पात्राचे नाव व लांबलचक पदनाम पडद्यावर झळकते. हा प्राणी किनाऱ्यावर येणार नाही, असे आश्वासन पंतप्रधान दूरचित्रवाणीवरून देत असतानाच तो किनाऱ्यावर आल्याची वार्ता येते. या प्रसंगावर हसू येते आणि लगेच ते ओसरते, कारण बाहेर माणसे मरत असतात. राक्षसाइतकीच धोकादायक गोष्ट म्हणजे निर्णय न घेणारी व्यवस्था, हे चित्रपटाने कोणतेही भाषण न करता सिद्ध केले आहे.

शेवटी राक्षस मरत नाही. काँक्रीट ओतणाऱ्या पंपाच्या वाहनांमधून त्याच्या तोंडात रक्त गोठवणारे रसायन सोडले जाते आणि तो टोकियो स्थानकाजवळ उभ्याउभ्या थिजतो. फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांवर पाणी सोडण्यासाठी अशीच वाहने वापरली गेली होती. शहराच्या मध्यभागी थिजलेला तो प्राणी पुन्हा केव्हाही हालचाल करू शकतो, हे जाणूनच लोकांना जगावयाचे आहे.

या चित्रपटाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. सामान्य माणूस त्यात जवळपास नाही. पळणारी गर्दी, कोसळणारी इमारत यांपलीकडे पीडितांना चेहरा मिळत नाही. शिवाय तरुण आणि हुशार अधिकाऱ्यांच्या हाती सूत्रे आली की प्रश्न सुटतात, हा त्याचा निष्कर्ष फारच आशावादी आहे.

‘मायनस वन’ : जगण्याचा हक्क

ताकाशी यामाझाकी यांचा ‘गोजिरा मायनस वन’ ३ नोव्हेंबर २०२३ रोजी, म्हणजे मूळ चित्रपटाच्या वर्धापनदिनीच प्रदर्शित झाला. मार्च २०२४ मध्ये त्याला दृश्य परिणामांसाठीचा ऑस्कर मिळाला. कथा युद्धसमाप्तीच्या सुमारास सुरू होते. कोइची शिकिशिमा हा आत्मघातकी हल्ल्यासाठी नेमलेला वैमानिक मृत्यूला घाबरून परत फिरतो. जळालेल्या टोकियोत तो नोरिको ही तरुणी आणि एक अनाथ मुलगी यांच्यासह राहू लागतो. तिघांचे परस्परांशी रक्ताचे नाते नाही. शून्यावर आलेल्या या देशाला गोजिरा आणखी खाली, उणे एकवर नेतो.

येथे शासन दूर आहे. राक्षसाशी लढण्याची योजना माजी नौसैनिक आणि सामान्य नागरिक आखतात. फ्रिऑन वायूच्या नळकांड्यांचे बुडबुडे निर्माण करून प्राण्याला खोल समुद्रात बुडवावयाचे, अशी ती योजना असते. या लढाईत कोणी प्राण देऊ नये, हे तिचे तत्त्व आहे. १९५४ च्या चित्रपटात शास्त्रज्ञ सेरिझावा आपल्या शोधाची कागदपत्रे जाळतो आणि स्वतःही समुद्राच्या तळाशी मरण पत्करतो. नव्या चित्रपटाने या त्यागाला उत्तर दिले आहे. माणसाला मरण्यास सांगणाऱ्या राष्ट्रापेक्षा जगण्यास सांगणारा शेजारी मोठा, हे त्याचे सांगणे मनाला भिडते.

परंतु या चित्रपटातही एक मौन आहे. युद्धात जपानी सैन्याने आशियातील इतर देशांत काय केले, याचा उच्चार नाही. यातना केवळ आपली दाखवली की दुःख खरे असूनही इतिहास अपुरा राहतो.

भोपाळ पडद्यावर

जपानी चित्रपटकारांना एक सोय होती. किरणोत्सर्ग दिसत नाही म्हणून त्यांनी त्याला शरीर दिले. भोपाळवर चित्रपट करणाऱ्यांना ही सोय घेता आली नाही. वायू हवेपेक्षा जड होता. तो जमिनीलगत, सखल वस्त्यांतील झोपड्यांत शिरला. शहराला सावध करणारा भोंगा थोडा वेळ वाजून बंद झाला होता. झोपेतून उठलेल्या माणसाला डोळ्यांत तिखट गेल्यासारखे वाटले, एवढेच प्रथम कळले. कोणत्या दिशेने पळावे हेही कळण्याचा मार्ग नव्हता. ज्याला आकार नाही अशा मारेकऱ्याला पडद्यावर कसे आणावयाचे, हा येथील खरा कलात्मक प्रश्न आहे.

महेश मथाई यांच्या ‘भोपाल एक्स्प्रेस’ने आगगाडीचा आधार घेतला. के. के. मेनन यांनी साकारलेला वर्मा हा कारखान्यातील पर्यवेक्षक आहे. पत्नी ज्या गाडीने परतत आहे, ती भोपाळला पोहोचू नये म्हणून तो धडपडतो. नसीरुद्दीन शाह यांच्या बशीर या पात्रामुळे जुन्या शहराची बोली, मैत्री आणि रात्रीचे जीवन चित्रपटात येते. कंपनीवर विश्वास ठेवणारा वर्मा आणि त्या विश्वासाची किंमत, हा या चित्रपटाचा गाभा आहे व तो प्रामाणिक आहे.

रवी कुमार यांचा ‘अ प्रेयर फॉर रेन’ घटनेच्या आधीच्या काळाकडे वळतो. राजपाल यादव यांनी साकारलेला दिलीप हा रिक्षावाला पुरेसे प्रशिक्षण नसताना कारखान्यात कामाला लागतो. मार्टिन शीन यांनी वॉरन अँडरसन यांची भूमिका केली आहे. काटकसर, दुरुस्तीतील चालढकल आणि बेपर्वाई यांची साखळी येथे पायरीपायरीने दिसते. कारणमीमांसेच्या दृष्टीने तिन्हींत हीच कलाकृती सर्वांत स्पष्ट आहे. मात्र पाश्चात्त्य प्रेक्षकासाठी आणलेली परदेशी पत्रकार कथेत उपरी वाटते. १९५६ च्या आवृत्तीतील अमेरिकन वार्ताहराची येथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

शिव रवैल यांची ‘द रेल्वे मेन’ ही चार भागांची मालिका १८ नोव्हेंबर २०२३ रोजी नेटफ्लिक्सवर आली. यातही के. के. मेनन आहेत. या वेळी ते स्थानकप्रमुख इफ्तेकार सिद्दीकी आहेत. या पात्रामागे गुलाम दस्तगीर यांचे जीवन आहे. भोपाळ स्थानकाचे उपअधीक्षक असलेल्या दस्तगीर यांनी त्या रात्री फलाटावर उभी असलेली प्रवासी गाडी वेळेपूर्वी रवाना करून असंख्य प्रवाशांचे प्राण वाचवले. पुढील आयुष्यात त्यांना त्या वायूची किंमत मोजावी लागली व २००३ मध्ये त्यांचे निधन झाले. अशा कर्तव्यनिष्ठ माणसाची ओळख नव्या पिढीला झाली, हे मालिकेचे श्रेय आहे. परंतु मालिकेचा तोल साहसकथेकडे झुकतो. खऱ्या घटनेतील ताण पुरेसा नाही असे समजून तिच्यात एक लुटारू आणला आहे. वेगवान प्रसंगांच्या ओघात वायूची भीती कमी होते आणि सुटकेचा थरार वाढतो.

एक रात्र की चाळीस वर्षे?

तीन भारतीय आणि दोन जपानी कलाकृती शेजारी ठेवल्यास मुख्य फरक काळाचा दिसतो. भोपाळच्या पडद्यावरील कथा त्या रात्रीभोवतीच फिरतात. सकाळ झाली की त्या आवरत्या घेतल्या जातात. भोपाळची आपत्ती मात्र सकाळी संपली नाही. शासनाने २००६ मध्ये दिलेल्या प्रतिज्ञापत्रात इजा झालेल्यांची संख्या ५,५८,१२५ इतकी आहे. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. अँडरसन २०१४ मध्ये मरण पावले, ते खटल्याला कधीच सामोरे गेले नाहीत. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. कारखान्याच्या आवारातील ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला हलवण्यासाठी जानेवारी २०२५ उजाडावा लागला. परिसरातील माती आणि भूजल यांचे दूषण हा वेगळाच अध्याय आहे.

या दृष्टीने विचार करता ‘शिन गोजिरा’चा शेवट भोपाळवरील कोणत्याही चित्रपटापेक्षा भोपाळच्या अधिक जवळ जातो. शहराच्या मध्यभागी थिजून उभा असलेला राक्षस आणि वस्त्यांच्या मधोमध गंजत उभा राहिलेला कारखाना यांत साम्य शोधावे लागत नाही. त्या चित्रपटातील संथ बैठका पाहताना भरपाईच्या रांगा, प्रमाणपत्रे आणि सुनावण्यांच्या तारखा आठवतात. १९५४ च्या चित्रपटातील संसदेच्या दृश्याचीही येथे आठवण होते. त्या रात्री हमीदिया रुग्णालयातील डॉक्टरांपुढे हजारो रुग्ण होते, आणि वायू नेमका कोणता, त्यावर उतारा कोणता, ही माहिती त्यांना नव्हती. आपत्तीच्या दोन वर्षे आधीच पत्रकार राजकुमार केसवानी यांनी कारखान्याच्या धोक्याविषयी लिहिले होते. म्हणजे इशारा होता, पण तो ऐकणारी व्यवस्था नव्हती.

भोपाळच्या कथेत आणखी एक पोकळी आहे. घटनेनंतर लढा उभारणारी माणसे पडद्यावर मध्यवर्ती झालेली नाहीत. अब्दुल जब्बार यांनी पीडित महिलांची संघटना बांधली आणि २०१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्यांच्यासाठी झगडले. त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघी स्टेशनरीच्या कारखान्यात काम करताना भेटल्या. १९८९ मध्ये त्या इतर महिलांसह पायी दिल्लीला गेल्या. २००४ मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला व त्या रकमेतून बाधित मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट उभा राहिला. शासन दूर असताना शेजाऱ्यांनी एकमेकांना जगवावयाचे, हे ‘मायनस वन’चे सूत्र या स्त्रियांनी चित्रपटाच्या कितीतरी आधी प्रत्यक्षात आणले होते. त्यांच्यावर थरारपट होणार नाही, कारण त्यांचा लढा एका रात्रीचा नाही.

साहित्याने मात्र ही उणीव काही प्रमाणात भरून काढली आहे. इंद्र सिन्हा यांची ‘अ‍ॅनिमल्स पीपल’ (२००७) ही इंग्रजी कादंबरी बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत आली होती. तिच्यातील खौफपूर हे शहर म्हणजे भोपाळचेच रूप आहे. वायूमुळे पाठीचा कणा वाकल्याने हातापायांवर चालणारा तरुण तिचा निवेदक आहे आणि तो स्वतःला जनावर म्हणवतो. जपानने आपत्तीला राक्षसाचे शरीर दिले, तर या कादंबरीने आपत्तीने माणसाच्या शरीराचे काय केले ते दाखवले आणि पीडितालाच बोलते केले.

अध्यापनाच्या दृष्टीने

कम्युनिटी कॉलेजमधील विद्यार्थी प्रामुख्याने हाताला काम देणारे अभ्यासक्रम शिकतात. त्यांच्यासाठी हा विषय केवळ रसग्रहणाचा नाही. एक साधे उदाहरण पुरेसे आहे. ‘मायनस वन’मध्ये फ्रिऑन हे शहर वाचवण्याचे साधन आहे. भोपाळमध्ये वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा १९८४ च्या जून महिन्यातच बंद करण्यात आली होती आणि तिच्यातील फ्रिऑन कारखान्यात इतरत्र वापरण्यासाठी काढून घेतला गेला होता. वातानुकूलन व प्रशीतन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या वाक्याचा अर्थ इतर कोणापेक्षाही लवकर कळेल. उद्या तोच एखाद्या कारखान्यात अशा यंत्रणेसमोर उभा असेल.

शिक्षकाला ‘द रेल्वे मेन’चा एखादा भाग, ‘शिन गोजिरा’तील बैठकीचे दृश्य आणि १९५४ मधील रुग्णालयाचे दृश्य एकत्र दाखवता येईल. त्यानंतर तीनच प्रश्न विचारावेत. धोका कोणाला आधी माहीत होता? तो कोणाला सांगितला गेला नाही? आणि कथा संपल्यानंतर कोण आजारी राहिले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पडद्यावर सापडतील. तिसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी विद्यार्थ्याला पडद्याबाहेर, वृत्तपत्रांकडे आणि न्यायालयीन निर्णयांकडे वळावे लागेल. तेथूनच खरा अभ्यास सुरू होतो.

समारोप

जपानने एकच कथा सत्तर वर्षांत पुनःपुन्हा सांगितली. प्रत्येक वेळी तिच्यात त्या काळाची भीती भरली. १९५४ मध्ये ती बॉम्बची होती, २०१६ मध्ये निष्क्रिय शासनाची, तर २०२३ मध्ये माणसाला मरणाकडे ढकलणाऱ्या राष्ट्रवादाची. भोपाळची कथाही पुन्हा सांगितली जाईल आणि ती सांगितली गेली पाहिजे. मात्र पुढील चित्रपटाने रेल्वे स्थानकातून बाहेर पडून जे. पी. नगर आणि काझी कॅम्पच्या गल्ल्यांत यावे आणि ३ डिसेंबरच्या सकाळपासून आरंभ करावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

बंद कारखान्यासमोर रूथ वॉटरमन या डच शिल्पकर्तीने १९८५ मध्ये घडवलेला मातेचा पुतळा उभा आहे. त्यात ना राक्षस आहे ना वायू. मूल कवटाळून, चेहऱ्यावर हात धरलेली एक स्त्री तेवढी आहे. तिने पुढे काय केले, हे भोपाळच्या चित्रपटाने अद्याप सांगावयाचे आहे.